अकरा नंबरची गोळी

माझ्या नातीच्या अंगाला मासळीचा वास यायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण तोर्शावनमधले, म्हणजे आमच्या राजधानीतले, लोक हे कधी तोंडाने बोलत नसत, नुसतं नाक वळवत, आणि मला तसली माणसं आवडत नाहीत. जे आहे ते बोलून मोकळं व्हावं.

वास औषधामुळे यायचा. सुनवाला दिवसातून तीनदा एक पातळ औषध घ्यावं लागे. त्यातलं थोडं तिचं शरीर घ्यायचं आणि उरलेलं पोटातले जंतू खायचे. खाऊन ते जी घाण करतात तिचा हा वास, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीला, बिरिताला, समजावून सांगितलं होतं. बिरिताने मला ते फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे औषध आपण आणायचं आणि मेजवानी त्यांनी झोडायची." बिरिता हसली नाही. तेव्हा ती फारशी हसतच नसे.

औषध थांबवणं शक्य नव्हतं. माणसाच्या शरीराला चरबी जाळून ताकद मिळवायला कार्निटिन नावाचा एक पदार्थ लागतो. सुनवाच्या शरीरात तो टिकतच नव्हता, लघवीवाटे वाहून जायचा. तो संपला की हृदय बंद पडतं, आणि पडतं तेही काही न कळवता. हा दोष जन्मतः येतो, आईबापांच्या रक्तातून, आणि आमच्या या बेटांवर तो पुष्कळ घरांत आहे. माझा भाऊ यास्पर ऐन विशीत एका लग्नात, सगळ्यांच्या हातात हात गुंफून नाचता नाचता खाली पडला आणि उठलाच नाही. तेव्हा आम्ही म्हटलं देवाने नेला. आता रक्त तपासतात आणि देवाचं नाव न घेता कारण सांगतात. मला हे जास्त पटतं, पण यास्परला त्याचा काय उपयोग.

त्यात सुनवा स्वमग्न. दहा वर्षांची झाली तरी तिच्याजवळ शब्द मूठभरच होते, आणि त्यातला एकही दुखण्याचा नव्हता. एकदा चुलीवर तिचा तळवा भाजला. आम्हाला कळलं ते फोड आल्यावर. म्हणजे बघा, साधी लागण झाली, ताप आला, पोर जेवेनाशी झाली, की शरीरातला साठा संपणार आणि हृदयावर बेतणार. आणि काही दुखतंय हे ती सांगणार नाही. बिरिताचा जीव दहा वर्षं टांगणीला होता. शिवाय काही औषधं अशा मुलांना अजिबात चालत नाहीत. त्यांची नावं बिरिताला तोंडपाठ होती, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितली असती.

तोर्शावनच्या शाळेत सुनवाच्या शेजारी कोणी बसेना. बिरिताचा नवरा ग्रीनलंडच्या बाजूला मासेमारीला गेला तो तिकडेच एका बाईकडे राहिला. तेव्हा मी बिरिताला म्हटलं, "इकडे ये. इथे सगळ्यांनाच मासळीचा वास येतो, कोण कोणाला नावं ठेवणार." आणि ती आली. हाल्सोय, आमचं बेट, एवढंसं. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. धक्क्यावर बोटीचे दोर धरणारा रेगिन सुनवाला पाहिलं की म्हणायचा, "ओलुवा, तुझ्या नातीला माझ्या होडीपेक्षा जास्त मासळी लागलीय." सुनवा त्याच्या बुटांकडे बघून हसायची. कोणाचं नाक वळलं नाही. बिरिताच्या कपाळावरच्या दोन आठ्यांपैकी एक त्या वर्षी गेली.

सगळ्यात जास्त हरखला तो माझा नवरा, हानुस. सुनवा त्याला अब्बी म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि हा तिच्या मूठभर शब्दांतला पहिला शब्द होता. मला ओम्मा म्हणायला तिला आणखी चार वर्षं लागली. मी हे विसरलेली नाही. पण खरं सांगायचं तर पोरीचं मन वाचता येत होतं ते फक्त हानुसला. तिने मान कुठे कलवली, फाटकावर झोके घेताना कितीदा थांबली, यावरून तो सांगायचा, आज पोट बिघडलंय, आज बूट चावतोय. आणि तसंच निघायचं. दोघं दिवसातून तीनदा परसातल्या खोपटात जाऊन बसत. तिथे आम्ही मेंढीचं मांस वाऱ्यावर वाळवायला टांगतो. फळ्यांच्या फटींतून वारा आला की आवाज होतो, तो सुनवाला आवडायचा.

हानुस उभं आयुष्य मासेमारीच्या मोठ्या जहाजावर दुय्यम अधिकारी होता. जहाजावर डॉक्टर नसतो. औषधपेटी दुय्यम अधिकाऱ्याच्या ताब्यात असते, आणि कोणी आजारी पडलं की डेन्मार्कमध्ये बसलेल्या एका डॉक्टरला विचारायचं. तो जगभरच्या जहाजांना सल्ला देतो. आम्ही त्याला रेडिओ डॉक्टर म्हणतो, आता सगळं फोनवर चालतं तरी. पेटीतल्या औषधांना नंबर असतात. डॉक्टर म्हणतो सात नंबर द्या, तुम्ही सात नंबर देता. वादळात, तुटक्या आवाजात, लांबलचक नावं ऐकण्यापेक्षा नंबर बरे. त्या नंबरांवर हानुसने माणसं जगवली, बोटं शिवली, एकाचा पाय वाचवला. जहाज भंगारात निघालं तेव्हा इतर अधिकाऱ्यांनी घड्याळं, होकायंत्रं घरी नेली. हानुसने औषधपेटी आणली. वादळाने बोट बंद झाली की अर्धं गाव त्याच्या दारात असायचं. कोणाला गळू, कोणाला दाढ. नंबर सांगून गोळी द्यायचा आणि वर म्हणायचा, "मेलास तर तक्रार माझ्याकडे आण." लोक हसायचे. मीही हसायचे.

त्या ऑक्टोबरात मेंढ्या कापून झाल्या, खोपट भरलं, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला. लाटा धक्क्याच्या वरून जायला लागल्या, ढग छपरांना टेकले. बोट बंद. हेलिकॉप्टर बंद. रेडिओवर सकाळ-संध्याकाळ तेच ऐकायचं. यात नवल काही नाही. पीठ असतं, बटाटे असतात, माणूस विणत बसतो.

सुनवाने जेवण सोडलं ते दुसऱ्या दिवशी. मला वाटलं हट्ट. बिरिताने कपाळाला हात लावला तर चटका बसला. पोर खिडकीशी उभी होती, काचेला डोक्याची एक बाजू चिकटवून, आणि हलायला तयार नव्हती.

हानुस तिच्याजवळ जाऊन थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "कान आहे. उजवा. गार काचेला लावून धरलाय बघा."

बिरिताने हॉस्पिटलला फोन केला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाईत असूनही घाई दाखवत नसत. त्या म्हणाल्या, साखरेचं पाणी पाजत राहा, तिचं औषध काही झालं तरी द्या, ताप उतरायची गोळी द्या. जंतूंवरचं औषध लागणार आहे, पण ते इकडून पाठवावं लागेल. जरा जरी उघडलं तरी हेलिकॉप्टर काढतो, नाही उघडलं तर उद्या गस्तीचं जहाज पाठवायचा प्रयत्न करू.

"उद्या," हानुस म्हणाला. "ह्या लाटांत उद्या गस्तीचं जहाज आलं तरी पोरीला चढवणार कशी? टोपलीत घालून?"

"बाबा, पेटीतलं काही द्यायचं नाही," बिरिता म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं."

"तुम्ही म्हणायच्या आधीच सांगतेय. त्या पेटीवर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. नाव माहीत नसलेलं काहीही माझ्या पोरीच्या पोटात जाता कामा नये."

"बरं."

आमच्या घरात हानुसचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे, हे मला चाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. बिरिताला कळायला हवं होतं, पण ती सुनवाचं तोंड उघडून चमचा आत घालायच्या खटपटीत होती. औषध गेलं तसं बाहेर आलं, तिच्या बाहीवर. पुन्हा ओतलं. पुन्हा बाहेर.

पुढे खोपटात काय झालं ते मला आठवड्याने कळलं, आधी डॉक्टरकडून आणि मग हानुसकडून. दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळलं, म्हणून इथे जसंच्या तसं देते.

हानुसने मोबाइलवरून रेडिओ डॉक्टरला फोन लावला. ही सोय फक्त जहाजांसाठी आहे, घरगुती माणसासाठी नाही. म्हणून हानुस पुन्हा जहाजावर गेला.

"कुठलं जहाज?" डॉक्टरने विचारलं.

"नोर्दविक." नोर्दविकचं भंगार होऊन त्याच्या एव्हाना चमचे झाले असतील. "किनाऱ्याजवळ आहोत, वादळामुळे अडकलोय."

"आजारी कोण?"

"डेकवरचा माणूस. तरुण आहे. उजव्या कानात लागण, ताप भरपूर."

"आधीचा काही आजार?"

हानुस थांबला. मग म्हणाला, "फारसा बोलत नाही."

"खलाशी कधी बोलतात," डॉक्टर हसून म्हणाला. "पेटी नव्या यादीची आहे ना?"

"हो."

"मग अकरा नंबर. दिवसातून तीनदा, सात दिवस. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांमुळे हानुसने एका माणसाचा पाय सडताना पाहिला होता. खरा आजार सांगितला असता तर डॉक्टरने वय विचारलं असतं. वय सांगितलं असतं तर असलं कुठलं जहाज, असं विचारलं असतं. आणि पेटी जुनी आहे म्हटलं असतं तर डॉक्टरने फेकून द्या सांगितलं असतं. नव्या यादीत अकरा नंबरला काय आहे आणि आपल्या डब्यात काय आहे, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. त्याच्या लेखी अकरा म्हणजे अकरा. त्याने सुरीने गोळीचे दोन तुकडे केले, कारण पोर लहान आहे एवढं भान त्याला होतं.

आणि सुनवाने ती गोळी गिळली. चमचाभर औषध थुंकणारी पोर ते अर्धुकं जिभेवर ठेवून पाण्याबरोबर गपकन गिळायची. पातळ, चिकट काही तिला सोसत नसे. कोरडं, एका मापाचं काहीही ती घेई. हे आधी लक्षात आलं असतं तर, असं म्हणत बसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी गस्तीचं जहाज आलं, लाटा पाहून परत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनवाच्या उशीवर पिवळा डाग होता. कान फुटून पू वाहून गेला होता. ताप उतरला. तिने रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची बशी चाटून पुसून खाल्ली आणि बाहेर जाऊन फाटकावर झोके घ्यायला लागली, करकर, करकर. बिरिता स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. लहानपणी रडायची तशी, नाक माझ्या स्वेटरला पुसत.

गळाला मोठा मासा लागलाय पण गावाला सांगायचं नाही, असा हानुसचा चेहरा होता. मला वाटलं, आजोबाला आनंद झालाय, दुसरं काय.

एक अडचण उरली होती. थुंकण्यात औषधाची बाटली जवळजवळ संपली होती आणि नवी बाटली पलीकडच्या बंदरात बोटीची वाट बघत पडली होती. बिरिताने पुन्हा फोन लावला. मी कणीक मळत होते, हानुस टेबलाशी बसून गेल्या सालच्या वाळलेल्या मांसाचे पातळ काप काढत होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज मला ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, ताप गेलाय आणि ती जेवतेय तर बोट येईपर्यंत अर्ध्या मापावर निभेल. उपाशी ठेवू नका, झोपण्याआधी काहीतरी खायला घाला. मग विचारलं, "दुसरं कुठलं औषध दिलंय का?"

"नाही," बिरिता म्हणाली.

हानुसची सुरी थांबली नाही. हे मला आठवतं, कारण नंतर मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. तो एका लयीत कापत राहिला. का गप्प बसलास, असं मी त्याला पुढे विचारलं, एकदा नाही, अनेकदा. तो म्हणाला, "ती पोरीला घेऊन परत गेली असती." एवढंच. ताप तर गेला होता. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या संपल्या की कोणाला काही कळायचं कारण नव्हतं, आणि पोर बरी होऊन त्याच्याजवळ राहणार होती. माणूस प्रेमापोटी किती मूर्ख होऊ शकतो याला माप नाही. मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि त्या रागाचं मी काही करू शकत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सुनवा मंदावली. फाटकावर चढायची, पण झोका घ्यायची नाही. खोपटाकडे जाताना वाटेत ओल्या गवतात बसायची. बिरिता म्हणाली, "तापाने गळून गेलीय."

"कान ठीक आहे," हानुस म्हणाला. "मी रोज बघतो. पू नाही."

"मग अशी का बसते?"

"अगं, मोठी माणसं महिनाभर झोपून राहतात एवढ्या तापानंतर. हिला दमायचीही चोरी का?"

त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि खोपटात नेलं. फळ्यांतून वारा वाजत होता. तिथे तिने अकरा नंबर गिळला.

वारा पडला तो रविवार होता. ढग वर गेले, समोरचं बेट दिसायला लागलं, त्याच्यावरच्या मेंढ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. बोट येतेय म्हटल्यावर सगळं गाव धक्क्याकडे निघालं. सुनवा अब्बीचा हात धरून उतारावरून खाली आली. रेगिनने दोर पकडला, औषधाचं खोकं बिरिताच्या हातात दिलं आणि सुनवाकडे बघून म्हणाला, "घे बाई, तुझा मासळीचा कोटा आला."

सुनवाने त्याच्या बुटांकडे बघितलं. हसली नाही. गुडघ्यात वाकली आणि अब्बीच्या हातातून निसटून ओल्या सिमेंटवर पडली.

रेगिनने दोर सोडून दिला. तो गुडघ्यांवर बसला आणि तिची छाती दाबायला लागला, धक्क्यावर काम करणाऱ्यांना शिकवतात तसं, मोठ्याने आकडे मोजत. बोट मोकळी सुटून खांबांवर आपटत होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. स्वच्छ आकाशातून हेलिकॉप्टर इतक्या लवकर आलं की मला त्याचीच चीड आली. आठवडाभर कुठे होतात तुम्ही.

हेलिकॉप्टरमधल्या तरुण डॉक्टरने नाडी शोधली, सापडली, पुन्हा हरवली. तो बिरिताला ओरडून विचारत होता, "कार्निटिनचा आजार ना? दुसरं काही औषध चालू होतं?"

"नाही. हेच, अर्ध्या मापाने."

मी हानुसकडे बघत होते, कारण तो पडेल असं मला वाटलं. त्याने तोंड उघडलं. पंख्याच्या आवाजात काही बोलला असेल असं मी तेव्हा समजले. "आवाज फुटला नाही," असं तो नंतर म्हणाला. पोरीबरोबर एकालाच जागा होती. बिरिता गेली.

सोमवारी सकाळी बिरिताचा फोन आला. सुनवाला यंत्रावर ठेवलं होतं. हृदय चालू व्हायचं, अडखळायचं. रक्तात कार्निटिन जवळजवळ शिल्लकच नव्हतं आणि ते आता शिरेतून देत होते. "डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडे दिवस अर्धं माप घेतल्याने इतकं कमी होत नाही. कुठेतरी ते वाहून गेलंय. त्या सारखं विचारतात, काही वेगळं दिलं का. आई, आपण काही दिलं होतं का?"

"काय देणार," मी म्हटलं. "मुरंबा दिला, मासा दिला, बटाटे दिले."

हानुस कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. पोर पडल्यापासून तो एकच बोलत होता, "कान परत भरला असणार. आतल्या बाजूने." मी फोन ठेवल्यावर तो उठला, मोबाइल टेबलावरच राहू दिला आणि खोपटाकडे गेला. मला वाटलं, माणसाला एकटं बसायचं असेल.

मी भांडी विसळत होते तेव्हा तो मोबाइल वाजला. मी ओल्या हातानेच उचलला.

"नोर्दविक?" पलीकडून एका पुरुषाने डेनिश भाषेत विचारलं, प्रसन्न आवाजात. "रेडिओ डॉक्टर बोलतोय. आठवड्यानंतर आम्ही चौकशी करतो. तुमच्या त्या खलाशाचा कान कसा आहे?"

"कुठला खलाशी?" मी म्हटलं.

"न बोलणारा. अकरा नंबर दिला होता ना, सात दिवस."

माझ्यासमोर खिडकी होती. खिडकीतून खोपट दिसत होतं, त्याचं दार उघडं होतं, आणि आत टांगलेल्या मेंढ्यांमध्ये माझा नवरा पाठमोरा उभा होता. दिवसातून तीनदा. रोज.

"तो खलाशी दहा वर्षांचा आहे," मी म्हटलं. "ती मुलगी आहे. माझी नात. तिला कार्निटिनचा आजार आहे आणि ती काल धक्क्यावर पडली."

डॉक्टरने विचारलं, "पेटी कधीची आहे?"

"जुनी. जहाज मोडलं तेव्हाची."

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी खाली आला होता, "आताच्या यादीत अकरा नंबरला साधं पेनिसिलिन आहे. ते तिला चाललं असतं. जुन्या यादीत दुसरं होतं. त्याच जातीचं, कान बरा करणारं, पण त्यात एक आम्ल असतं. ते शरीरातलं कार्निटिन बांधून लघवीवाटे बाहेर नेतं. तुमच्यामाझ्यासारख्याला फरक पडत नाही. तिच्याकडे मुळात होतंच किती. हॉस्पिटल कुठलं? मी आत्ता फोन करतो. तुम्हीही करा."

मी केला. बिरिताने उचलला नाही. पुन्हा केला. वाक्य तोंडात तयार होतं, एकच वाक्य, ते मी गरम घासासारखं जिभेवर धरून उभी होते. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"आई," ती म्हणाली. "आत्ताच गेली."

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना दे."

"आता कशाला?"

"दे म्हणते ना."

मी त्यांना सगळं सांगितलं. पेटी, नंबर, जुनी यादी, सात दिवस, दिवसातून तीनदा. लपवून ठेवावं असं मनात आलं का, असं मला गावात एकीने विचारलं. आलं. पण त्या बाई रात्रभर पोरीच्या उशाशी बसून कोडं सोडवत होत्या, आणि बिरिता आयुष्यभर त्या अर्ध्या मापावर स्वतःला बोल लावत बसली असती. ते मी होऊ देणार नव्हते. डॉक्टरीणबाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. फोन त्यांनी दोघींच्या मध्ये धरला होता, हे मला शेवटी कळलं, कारण उत्तर बिरिताने दिलं.

"सगळ्या गोळ्या दिल्या?" तिने विचारलं.

"सगळ्या."

"मधेच सोडल्या नाहीत."

"नाही."

तिने फोन ठेवला.

मी नळ बंद केला. तो इतका वेळ चालूच होता. हानुस अंगणातून येत होता, हातात सगळ्यात चांगल्या मांडीचा तुकडा घेऊन. पोर घरी आली की तिला लागेल म्हणून त्याने तो आत्ताच काढला होता. दारात त्याने बूट काढले, एकमेकांशेजारी नीट लावून ठेवले, आणि माझ्या हातातला आपला मोबाइल पाहिला.

"हॉस्पिटलचा होता?" त्याने विचारलं. "काय म्हणतात? कान कसा आहे?"

"कान बरा झाला," मी म्हटलं. "ते मांस खाली ठेव आणि बस, हानुस."